निरंक

कचेरीच्या मराठीत 'निरंक' नावाचा एक शब्द आहे. अहवालाच्या रकान्यात लिहिण्यासारखे काही नसले की तिथे शून्य किंवा आडवी रेघ न देता 'निरंक' असे लिहितात. अपघात, निरंक. तक्रारी, निरंक. प्रलंबित बाबी, निरंक. मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांमध्ये मी 24 हंगाम काढले आणि या काळात हा शब्द मी स्वतःच्या अक्षरात इतक्या वेळा लिहिला की त्याच्या अर्थाकडे लक्ष देण्याची वेळच कधी आली नाही. ती वेळ गेल्या दिवाळीत आली, आणि तीही माझ्या पुतणीमुळे.

पुतणीने लातूरच्या एका खासगी रुग्णालयात सहा वर्षे स्टाफ नर्स म्हणून काम केले आणि आता ती एम.एस्सी. नर्सिंग करते आहे. तिला वर्गात एका शोधनिबंधावर सेमिनार द्यायचा होता. निबंध इंग्रजीत होता, त्यात आकडेवारीचे तक्ते होते, आणि घरात आकडेमोडीशी संबंध असलेला माणूस म्हणजे मी. "काका, तुम्हाला ते को-रिलेशन समजतं ना? मग हे जरा बघा, मला वाटतं ह्यांनी तक्ता उलटा छापलाय," असे म्हणत तिने फराळाच्या ताटाशेजारी कागद ठेवले. तक्ता उलटा छापलेला नव्हता, परंतु तिला तसे वाटणे अगदी स्वाभाविक होते, कारण हा निबंध लिहिणाऱ्या बाईंनाही सुरुवातीला नेमके तसेच वाटले होते.

या बाई म्हणजे एमी एडमंडसन. आज त्या हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये प्राध्यापक आहेत आणि कामाच्या ठिकाणची माणसे एकमेकांशी कशी वागतात, काय बोलतात आणि काय बोलायचे टाळतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे. त्यांचे मूळ शिक्षण अभियांत्रिकीचे. बकमिन्स्टर फुलर या वास्तुरचनाकाराकडे त्यांनी अभियंता म्हणून काही वर्षे नोकरी केली आणि नंतर त्या माणसांच्या अभ्यासाकडे वळल्या. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. यंत्र कुठे आणि का अडते हे पाहण्याची सवय लागलेल्या माणसाने कचेरीकडे पाहिले तर त्याला काही वेगळे दिसत असावे.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, पीएच.डी. करत असताना, अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुका मोजण्याच्या एका मोठ्या प्रकल्पात त्यांना काम मिळाले. प्रशिक्षित परिचारिका सहा महिने वॉर्डांत फिरून, केसपेपर तपासून आणि कर्मचाऱ्यांशी बोलून चुकांची नोंद करत होत्या. एडमंडसन यांच्याकडे त्याच वॉर्डांतल्या माणसांचे आपसातले संबंध कसे आहेत हे प्रश्नावलीने मोजण्याचे काम होते. प्रमुख परिचारिका कशी वागते, सहकारी एकमेकांना धरून आहेत का, काम सुरळीत चालते का, असे ते प्रश्न होते. ज्या वॉर्डात संबंध चांगले तिथे चुका कमी, ही त्यांची अटकळ होती आणि ती कोणीही केली असती. एकूण आठ वॉर्डांचे आकडे हाती आले तेव्हा संबंध आणि चुका यांचा मेळ खरोखरच पक्का निघाला, फक्त तो उलट्या दिशेने. जिथे माणसे एकमेकांशी चांगली वागत होती, जिथल्या प्रमुखांबद्दल कर्मचाऱ्यांचे मत चांगले होते, तिथेच चुकांचा आकडा मोठा होता.

एवढ्यावर एखाद्याने निबंध गुंडाळून ठेवला असता, किंवा चांगल्या संबंधांमुळे माणसे ढिली पडतात असा निष्कर्ष काढून टाळ्याही मिळवल्या असत्या. आमच्याकडच्या कितीतरी साहेबांना तो निष्कर्ष मनापासून आवडला असता. एडमंडसन यांना मात्र असे सुचले की आपल्या हातात आलेला आकडा घडलेल्या चुकांचा नसून कळलेल्या चुकांचा असेल. हे तपासण्यासाठी त्यांनी एका सहायकाला वॉर्डांत पाठवले आणि त्याला ना चुकांचे आकडे सांगितले, ना संबंधांचे, ना स्वतःच्या मनातली शंका. त्याने फक्त पाहायचे, बोलायचे आणि कोणत्या वॉर्डात माणसे चुकीबद्दल किती मोकळेपणाने बोलतात ते टिपायचे. त्याने मोकळेपणानुसार लावलेला वॉर्डांचा क्रम चुकांच्या आकड्यांच्या क्रमाशी जवळजवळ तंतोतंत जुळला. एका वॉर्डात चूक होणे हे कामाचाच भाग समजून लगेच सांगितले जात होते; दुसऱ्या वॉर्डात चूक कबूल करणे म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहणे होते, म्हणून तिथे चुका होत होत्या पण दिसत नव्हत्या. हा निबंध 1996 मध्ये प्रसिद्ध झाला.

मी हे सगळे पुतणीला मराठीत समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि मग म्हणाली, "काका, आमच्या वॉर्डात इन्सिडंट रजिस्टर होतं. मान्यतेच्या तपासणीला दाखवावं लागतं म्हणून ठेवलेलं. मी सहा वर्षांत त्यात एकही ओळ लिहिलेली पाहिली नाही. दर महिन्याला सिस्टरबाई तारीख घालून निरंक लिहायच्या." मी विचारले की मग चुका होतच नव्हत्या का. ती हसली. सलाइनमध्ये टाकायचे इंजेक्शन दुसऱ्या खाटेच्या बाटलीत गेले, अँटिबायोटिकची रात्रीची मात्रा राहून गेली, सारख्या आडनावाच्या दोन रुग्णांच्या गोळ्या अदलाबदल होता होता वाचल्या, अशा चार गोष्टी तिने चिवडा खाता खाता सांगितल्या. या सगळ्या गोष्टी नर्सेसना आपसात माहीत होत्या. चहाच्या वेळी त्यांची चर्चा होत होती, नवीन मुलींना त्यावरून सावधही केले जात होते. फक्त ते रजिस्टर कोरे होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तसेच एक रजिस्टर माझ्या हातचे होते.

ज्यांना साखर कारखाना आतून माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. उसाचा रस गाळपातून निघतो तेव्हा तो आम्लधर्मी आणि गढूळ असतो. तो तापवून त्यात चुन्याचे दूध, म्हणजे पाण्यात कालवलेला चुना, आणि गंधकाचा धूर एकाच वेळी सोडतात आणि त्याचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा अंक, सातच्या आसपास आणतात. हे काम ज्या टाकीत होते तिला ज्यूस सल्फिटर म्हणतात. पीएच फार चढला तर रस काळवंडतो. सातच्या खाली उतरला आणि रस तसाच पुढे उकळत गेला तर त्यातली साखर फुटते, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि जी साखर पोत्यात यायची ती मळीत निघून जाते. म्हणून सल्फिटरवर एक माणूस सतत उभा असतो. त्याच्या हातात बीटीबीचे कागद असतात, म्हणजे ब्रोमोथायमॉल ब्लूमध्ये बुडवून वाळवलेल्या पट्ट्या. रसाचा थेंब टाकला की पट्टी हिरवी झाली तर ठीक, निळी झाली तर चुना जास्त, पिवळी झाली तर चुना कमी. प्रयोगशाळेत मीटरवर पीएच दर तासाला घेतात आणि पाळीच्या रजिस्टरमध्ये लिहितात, ते वेगळे.

2011-12 च्या हंगामात मी एका सहकारी कारखान्यात शिफ्ट केमिस्ट होतो. कारखान्याचे नाव लिहीत नाही. जानेवारीतली रात्रीची पाळी, म्हणजे 8 ते पहाटे 4. सल्फिटरवर जे गृहस्थ होते त्यांना सगळा कारखाना मामा म्हणत असे. वयाने ते माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे, शिक्षण सातवीपर्यंत, आणि हंगामी कामगार म्हणून त्यांचे तिथे पंधरावे वर्ष होते. मी त्यांना नेहमी "अहो मामा" म्हणत असे. त्या रात्रीच्या पंधरा दिवस आधी ते मध्यरात्री धावत प्रयोगशाळेत आले होते आणि कागद पिवळा पडतोय म्हणाले होते. मी जाऊन पाहिले तर कागदांचा गठ्ठाच जुना आणि दमट निघाला. मीटरवर पीएच व्यवस्थित होता. पाळीची पहिली चार तास उभे राहून काढल्यावर नुकताच मी खुर्चीत टेकलो होतो. मी तिथेच, पंपावरच्या आणि फिल्टरवरच्या पोरांसमोर, त्यांना म्हणालो, "तुला साधा कागद कळत नाही आणि मला उठवायला येतोस?"

एडमंडसन यांचे सगळे लेखन इंग्रजीत आहे आणि इंग्रजीत समोरच्या माणसासाठी एकच सर्वनाम आहे. त्यामुळे आमच्याकडे कामावरचे नाते कोणत्या क्षणी मोडते हे त्यांच्या प्रश्नावलीतून कधीच पकडता येणार नाही. माझ्या त्या वाक्यात रागावण्याचा भाग थोडाच होता. साहेब रागावतात, त्याची कोणाला सवय नसते? पण 'अहो मामा'वरून एका झटक्यात 'तुला'वर येणे, आणि तेही ज्या पोरांना ते काम शिकवत होते त्यांच्यासमोर, हे मामांनी मनात ठेवले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा 'अहो मामा' म्हणालो, त्यांनीही "जी साहेब" म्हटले, आणि मला वाटले की झाले गेले गंगेला मिळाले.

मग ती रात्र. एकच्या सुमारास चुन्याची लाइन चोक झाली. चुन्याच्या दुधात वाळू आली की ती पाइपाच्या वळणात बसते आणि प्रवाह हळूहळू बारीक होत जातो, एकदम बंद होत नाही. मामांचा कागद आधी पोपटी झाला, मग पिवळा. ते प्रयोगशाळेत आले नाहीत. त्यांनी पंपावरच्या पोराला घेऊन सळईने लाइन मोकळी करायचा प्रयत्न केला, गंधकाची भट्टी जरा मंद करून पाहिली, आणि सुमारे दीड तासाने चुना पुन्हा नीट पडू लागला. त्या दीड तासात किती रस पुढे गेला याचा हिशेब मी आता करणार नाही. तेव्हाही केला नाही.

आणि माझे मीटर? रजिस्टरच्या त्या रात्रीच्या पानावर 12, 1, 2, 3 या वेळांसमोर अनुक्रमे 7.1, 7.1, 7.0, 7.1 असे आकडे आहेत. एक आणि दोनचे नमुने मी घेतलेच नव्हते. थंडी होती, मागचे आठ दिवस पीएच एकाच जागी होता, आणि लॅब बॉयला मी सांगितले होते की मागचाच आकडा भरून ठेव. या प्रकाराला आमच्या धंद्यात 'टेबलावरचा पीएच' म्हणतात आणि साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलेला कोणी माणूस जर म्हणत असेल की त्याने हे कधी ऐकलेच नाही, तर तोही रजिस्टर भरण्यात तरबेज असला पाहिजे. सकाळी रसाची शुद्धता घसरलेली आणि फुटलेली साखर वाढलेली दिसली तेव्हा चीफ केमिस्टांनी मला बोलावले. ते तापट गृहस्थ होते. मी म्हणालो, नमुना धरण्यात चूक झाली असावी, सर. त्यांनी रजिस्टर मागवले, 7.1 वर बोट ठेवले, आणि पीएच तर बरोबर आहे असे म्हणून विषय संपवला. शेरा स्तंभात त्या पाळीसमोर मी लिहिलेले आहे: निरंक.

खरी हकीकत मला हंगाम संपताना कळली, गेटसमोरच्या टपरीवर, पंपावरच्या त्या पोराकडून. तो सहज बोलून गेला, त्याला वाटले मला माहीत असेल.

आता पुन्हा एडमंडसन यांच्याकडे येतो, कारण त्यांचे पुढचे काम वाचताना मला हेच पान डोळ्यांपुढे दिसत होते. 1999 मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या 51 गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी जी संकल्पना मांडली तिला मराठीत 'मानसिक सुरक्षितता' म्हणतात. शब्द जरा दवाखान्यातला वाटतो, पण अर्थ सरळ आहे: आपण प्रश्न विचारला, चूक कबूल केली, वेगळे मत दिले, तर आपला पाणउतारा होणार नाही किंवा त्याची शिक्षा मिळणार नाही, असा त्या गटातल्या सगळ्यांचा मिळून असलेला विश्वास. ही कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हे. एडगर शाइन आणि वॉरन बेनिस यांनी 1965 मध्ये आणि विल्यम कान यांनी 1990 मध्ये ती आपापल्या परीने वापरली होती. एडमंडसन यांनी ती एका व्यक्तीच्या मनातून काढून गटाच्या खात्यावर टाकली. एकाच कंपनीत, एकाच पगारात, एकाच छपराखाली एका गटात ती असते आणि शेजारच्या गटात नसते, हे त्यांनी दाखवले. पाळ्यांमध्ये काम केलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही. तीच यंत्रे, तोच ऊस, पण अमक्या साहेबाच्या पाळीत कामगार बोलतात आणि तमक्याच्या पाळीत खाली मान घालून उभे राहतात, हे आम्ही रोज पाहतो.

हे मोजण्यासाठी त्यांनी सात विधाने तयार केली. पुतणीला ती सेमिनारमध्ये मराठीतून सांगायची होती, म्हणून दिवाळीचे दोन दिवस आम्ही भाषांतरात घालवले. 'इथे एखाद्याकडून चूक झाली तर ती त्याच्याविरुद्ध धरून ठेवतात' हे लगेच जमले. 'धरून ठेवणे' हा शब्द जणू त्यासाठीच केला आहे. 'सहकाऱ्याकडे मदत मागणे अवघड जाते' हेही जमले. 'या गटात एखादा वेगळा आहे म्हणून त्याला दूर ठेवले जाते' या विधानापाशी मात्र पुतणी थांबली. अमेरिकेतल्या कारखान्यात 'वेगळा' म्हणजे काय ते मला सांगता येणार नाही, परंतु आमच्याकडे नवीन माणूस कामावर आला की पहिल्या चहाच्या आत त्याचे आडनाव, गाव आणि कोणाच्या शिफारशीने आला हे तिन्ही कळलेले असते, आणि तो कोणासमोर काय बोलू शकतो हे बरेचसे तिथेच ठरते. ते विधान आम्ही जसेच्या तसे ठेवले. ऐकणाऱ्याला त्यात काय ऐकायचे ते बरोबर ऐकू येते.

एक गैरसमज इथेच बाजूला काढतो. चुकीबद्दल बोलू द्यायचे म्हणजे सगळे चालवून घ्यायचे, असा अर्थ आमच्या अनेक वरिष्ठांनी काढलेला मी पाहिला आहे. एडमंडसन यांनी कामाची अपेक्षा आणि बोलण्याची मुभा या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला सांगितल्या आहेत. मुभा आहे आणि अपेक्षा नाही, तिथे माणसे आरामात बसतात. अपेक्षा आहे आणि मुभा नाही, तिथे माणसे आकडे भरतात. माझी पाळी दुसऱ्या प्रकारातली होती, आणि चीफ केमिस्टांच्या खोलीतला मीही.

2001 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 16 रुग्णालयांतल्या हृदयशस्त्रक्रियेच्या चमूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहान छेदातून शस्त्रक्रिया करण्याचे नवे तंत्र तेव्हा आले होते आणि ते कोणत्या चमूंनी चांगले आत्मसात केले हा प्रश्न होता. रुग्णालयाचे नाव मोठे असणे किंवा सर्जनचा अनुभव जास्त असणे याने फारसा फरक पडलेला दिसला नाही. जिथे सर्जनने आधीच सांगितले होते की हे काम माझ्या एकट्याच्या हातात नाही, तुम्ही बोललात तरच ते होईल, आणि जिथे नर्स व यंत्रचालक खरोखरच शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी बोलू लागले, तिथे तंत्र रुजले. पुतणीला हा भाग सगळ्यात आवडला. मला मात्र तो वाचताना कल्पना चावला आठवली. 2003 च्या जानेवारीत कोलंबिया यान उडाले तेव्हा फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. पंखाची अवकाशातून छायाचित्रे घ्यावीत असे काही अभियंत्यांना वाटत होते, पण ती मागणी वर टिकली नाही, आणि ज्याला सर्वांत जास्त काळजी वाटत होती तो अभियंता निर्णयाच्या बैठकीत हजर असूनही बोलला नाही. 1 फेब्रुवारीला यान परतताना सातही अंतराळवीर गेले. एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकरणाचा अभ्यास वर्गात शिकवण्यासाठी तयार केला आहे. जगातल्या सर्वांत हुशार माणसांच्या खोलीतसुद्धा 'मी कुठे आणि ते कुठे' हा हिशेब मनात चालतो, हे कळल्यावर मामांबद्दलचा माझा राग, म्हणजे मला का सांगितले नाही हा, होता तेवढाही उरला नाही.

तरीही हे सगळे आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडते असे मला वाटत नाही. गेर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाने आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून 'सत्ता-अंतर' मोजले, म्हणजे वरच्याचे वरचेपण खालचा किती गृहीत धरतो ते. त्यात भारताला 77 आणि अमेरिकेला 40 असा अंक मिळाला. सबंध देशाला एक अंक देण्याची ही पद्धत मला फारशी पटत नाही, कारण बेंगळुरूचे संगणक कार्यालय आणि आमच्या कारखान्याचे शेतकी ऑफिस यांना एकाच अंकात बसवायचे तर दोघांपैकी एकाचा अपमान होतो. पण दिशा चूक नाही. आमच्याकडे वरिष्ठांसमोर गप्प राहण्यात भीती असते तशीच अदबही असते, आणि खुद्द गप्प राहणाऱ्यालाही त्या दोन्ही वेगळ्या करता येतात असे नाही.

याचे एक भारतीय उत्तर पाटण्याच्या अनुग्रह नारायण सिन्हा समाज अध्ययन संस्थेतले मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी 1980 मध्ये मांडले होते. त्यांचे म्हणणे असे की इथला कामगार साहेबाकडून आधी आपुलकीची अपेक्षा करतो, घरच्या माणसासारख्या विचारपुशीची. साहेबाने ती द्यावी, पण काम चोख झाले तरच द्यावी, आणि माणूस तयार होत गेला की हळूहळू त्याला निर्णयात सामील करून घ्यावे. 'अहो मामा' म्हणणारा साहेब हा काहीसा सिन्हांच्या कल्पनेतला साहेब आहे. मात्र त्यातला धोका माझ्या अनुभवाने मला दिसतो. आपुलकी देणारा साहेब ती काढूनही घेऊ शकतो, एका सर्वनामाने, आणि मग समोरच्याकडे काहीच उरत नाही.

एडमंडसन यांच्या सात विधानांत आणखी एक गोष्ट नाही: तुम्ही कायम आहात की हंगामी? आमच्या कारखान्यात कायम कामगार साहेबाला तोंडावर बोलत असे. हंगामी कामगाराला ऑक्टोबरमध्ये पुन्हा बोलावणे येईल की नाही हे माहीत नसते, आणि ज्या वर्षी ऊस कमी त्या वर्षी तर नाहीच. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यानंतरच्या हंगामात मराठवाड्यातल्या कितीतरी कारखान्यांची धुराडी पेटलीच नाहीत. अशा वर्षी कोणाला बोलवायचे याची यादी करताना 'कटकट करणारा' कोण हे लोकांना चांगले आठवते. मनाची सुरक्षितता पोटाच्या सुरक्षिततेवर उभी असते, आणि मला वाटते की विद्यापीठातल्या अभ्यासकांना हा पाया गृहीत धरण्याची सवय असते. पुतणीने सेमिनारमध्ये हा मुद्दा मांडला. मार्गदर्शक बाईंनी तो लिहून घेतला, असे ती सांगत होती. तिच्याबरोबरच्या ज्या मुली कंत्राटी नर्स होत्या, त्या यावर काही बोलल्या नाहीत.

भाऊबीज झाल्यावर मी मामांना फोन केला. त्यांचा नंबर मिळवायला चार जणांना विचारावे लागले. ते आता परभणी जिल्ह्यात आपल्या गावी असतात; दोन एकर शेती आहे. आधी ऊस, पाऊस, पोरांची लग्ने असे सगळे बोलून झाल्यावर मी त्या रात्रीचा विषय काढला.

"आता कामून विचारायलेत साहेब? चौदा वर्षं झाली की."

मी म्हणालो की सहज, माझ्या पुतणीचा एक अभ्यास चालू आहे. ते थोडे थांबले.

"कागद पिवळा झाला तसं मी अन् त्या पंपावरल्या पोरानं दहा मिन्टं त्याच्यावरच बोललाव. साहेबाला सांगावं का नाही. तुम्ही तिथून पन्नास पावलांवर होता, लाइट चालू होता तुमच्या खोलीतला. पोरगं म्हणलं सांगा. मी म्हणलं, कागद पुन्हा खराब निघला तर?"

कागद खराब नव्हता, हे मी त्यांना सांगितले. ते त्यांना तेव्हाच माहीत होते, त्यांनी दुसऱ्या गठ्ठ्यातले तीन कागद लावून पाहिले होते.

"मग तुमच्या रजिस्टरात किती लिहिलं होतं त्या टायमाला?" त्यांनी विचारले.

"सात पूर्णांक एक," मी म्हणालो.

मामा मोठ्याने हसले. मग त्यांनी मला यंदा सोयाबीनचा उतारा एकरी किती पडला ते सांगितले आणि त्यात पावसाने किती नासले तेही.